दगडातला पियदसी, पोथीतला अशोक

‘ओळखा पाहू, मी कोण?’ हा खेळ शाळेत आपण सगळेच खेळलो आहोत. एकेक खूण सांगत जायची आणि समोरच्याने नाव ओळखायचे. ‘माझ्या आजोबांनी मगधाचे साम्राज्य उभारले. माझ्या वडिलांच्या दरबारी यवन राजाचा वकील राहत असे. मी एक मोठे युद्ध जिंकले आणि त्या विजयाचे दुःख दगडावर कोरून ठेवले.’ तिसरी खूण पुरी होण्याआधीच मागच्या बाकावरचा मुलगाही ओरडतो, ‘सम्राट अशोक!’

या खेळात एक मोठी सोय असते. उत्तर आधीच कुणाला तरी ठाऊक असते आणि त्या उत्तरावरून खुणा रचलेल्या असतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सोय नाही. त्याच्या हाती येतात त्या विखुरलेल्या खुणा. त्यांतल्या काही भलत्याच माणसाच्या असतात, काही नंतरच्या लोकांनी भर घातलेल्या असतात, आणि ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असे सांगणारे गुरुजी कुठेच नसतात. आज शाळकरी मूल जे कोडे तीन वाक्यांत सोडवते, ते १८३७ सालापर्यंत भारतातल्या किंवा युरोपातल्या कोणत्याही विद्वानाला सुटलेले नव्हते. ते कसे सुटले, कुणाकुणाच्या हातून सुटले, आणि सुटले हे कशावरून मानायचे, याचा मागोवा या लेखात घ्यायचा आहे. ऐतिहासिक व्यक्तींच्या ‘ओळखी’ आपल्याकडे सध्या फार झटपट पटू लागल्या आहेत. म्हणून हा मागोवा मला जुना वाटत नाही.

खांब होते, राजा नव्हता

चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाने दोन प्रचंड दगडी खांब दिल्लीत आणवले. एक टोपरा गावाहून, दुसरा मीरतहून. शम्स-ए-सिराज अफीफ या इतिहासकाराने टोपऱ्याच्या खांबाच्या प्रवासाचे तपशीलवार वर्णन केले आहे. खांब आडवा होताना दुखावू नये म्हणून खाली सावरीच्या कापसाचे ढीग रचले, त्याला बोरू आणि कच्च्या कातड्यांत गुंडाळले, बेचाळीस चाकांच्या गाड्यावर चढवले आणि यमुनेतून नावांवरून दिल्लीला नेले. एवढ्या खटाटोपाने आणलेल्या खांबावर लिहिले आहे तरी काय, हे जाणून घ्यायची सुलतानाला उत्सुकता होती. त्याने पंडितांना बोलावले. अक्षरे कुणालाच वाचता येईनात. मात्र काहींनी अर्थ सांगितलाच: पुढे फिरोज नावाचा सुलतान होईल, त्याच्याखेरीज हा खांब कुणालाही हलवता येणार नाही, असे म्हणे त्यावर लिहिले होते.

हा प्रसंग मला विनोदी वाटत नाही. वाचता न आलेल्या मजकुरात समोर बसलेल्या धन्याचे नाव सापडणे ही आपल्याकडची फार जुनी विद्या आहे.

सतराव्या शतकाच्या आरंभी टॉम कोरियट हा इंग्रज प्रवासी दिल्लीत आला. त्याला त्या खांबावरची अक्षरे ग्रीक वाटली. पोरसावरच्या विजयाची आठवण म्हणून सिकंदराने तो उभारला, असे त्याने ठरवून टाकले. गावोगावचे लोक अशा खांबांना भीमाची लाठी म्हणत. आपण मराठी माणसांनी त्यांना हसू नये. नाशिकच्या डोंगरातल्या लेण्यांत दात्यांची नावे, गावांची नावे, दानाच्या रकमासुद्धा कोरलेल्या असताना आपणही त्यांना शतकानुशतके ‘पांडवलेणी’च म्हणत आलो. सुलतानाच्या पंडितांना सुलतान दिसला, युरोपीय प्रवाशाला सिकंदर दिसला, गावकऱ्यांना भीम दिसला. प्रत्येकाने खांबाला आपल्या ओळखीतले नाव दिले.

मग अशोक कुठे होता? तो पोथ्यांत होता. पुराणांतल्या मौर्य राजांच्या यादीत तो आहे, पण यादीतले एक नाव आणि राज्याची वर्षे एवढाच. बौद्ध कथांमध्ये तो चंडाशोकाचा धर्माशोक झालेला मोठा राजा आहे. पण त्या कथा श्रीलंका, ब्रह्मदेश, तिबेट, चीन इथे जपल्या गेल्या होत्या. जन्मभूमीत त्यांचे वाचक उरले नव्हते. ‘देवानांप्रिय’ या त्याच्या बिरुदाची तर अशी गत झाली की, पुढच्या काळातल्या संस्कृत व्याकरणकारांनी त्या शब्दाचा अर्थ ‘मूर्ख’ असा नोंदवला.

थोडक्यात, पोथीत अशोक होता पण त्याचा एकही दगड कुणी दाखवू शकत नव्हते. आणि देशभरच्या दगडांवर कुणी एक राजा बोलत होता, पण त्याची पोथी ठाऊक नव्हती. ही दोन टोके एकाच माणसाची आहेत, असा संशय यायलाही काही कारण नव्हते.

आजोबा आधी सापडले

कोड्याची पहिली गाठ सुटली ती नातवापाशी नव्हे, आजोबांपाशी. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचे संस्थापक सर विल्यम जोन्स यांनी २८ फेब्रुवारी १७९३ रोजी सोसायटीच्या वार्षिक व्याख्यानात एक शोध जाहीर केला. ग्रीक आणि लॅटिन लेखकांनी ‘सँड्रोकोट्टस’ नावाच्या एका भारतीय राजाविषयी लिहिले होते. सिकंदरानंतर तो उदयाला आला, सेल्युकसाशी त्याने तह केला, त्याची राजधानी ‘पालिबोथ्रा’ होती आणि तिथे मेगॅस्थेनिस हा यवन वकील राहिला होता. हा सँड्रोकोट्टस म्हणजे चंद्रगुप्त, असे जोन्स यांचे म्हणणे होते.

नावांचे साम्य तर होतेच. ‘पालिबोथ्रा’ म्हणजे पाटलिपुत्र असावे, हेही सुचण्यासारखे होते. अडचण नदीची होती. ग्रीक लेखकांच्या मते हे नगर गंगा आणि ‘एरान्नोबोआस’ यांच्या संगमावर वसले होते. पाटण्यापाशी असा संगम नाही. म्हणून फ्रेंच भूगोलज्ञ दांव्हिल याने एरान्नोबोआस म्हणजे यमुना असे धरून या नगराची जागा प्रयागाकडे ढकलली होती. पुढे रेनेल या सर्वेक्षकाला आढळले की, शोण नदी पूर्वी पाटण्याजवळ गंगेला मिळत असे आणि नंतर तिने पात्र बदलले. आणि जोन्स यांना एका संस्कृत ग्रंथात शोणेचे दुसरे नाव मिळाले: हिरण्यबाहू. ग्रीक जिभेवर हिरण्यबाहूचे एरान्नोबोआस होणे सहज शक्य होते.

या तर्काची वीण पाहण्यासारखी आहे. राजाच्या नावाचा धागा नगराशी जुळला, नगराचा नदीशी, आणि नदीचा तिच्या सोडलेल्या पात्राशी. हिरण्यबाहू हे नाव लिहिणाऱ्या संस्कृत ग्रंथकाराला मेगॅस्थेनिस माहीत नव्हता. नदीला तर दोघांचाही पत्ता नव्हता. तरी एक तिढा उरलाच. मेगॅस्थेनिसाने शोण आणि एरान्नोबोआस या दोन वेगळ्या नद्या म्हणून सांगितल्या आहेत. जोन्स यांनी तो तिढा लपवला नाही. मेगॅस्थेनिसाच्या अज्ञानाने किंवा अनवधानाने तसे झाले असावे, असे म्हणून ते पुढे गेले. पुढच्याच वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची ओळख तेव्हा बळकट होती, पण ती एकाच पायावर उभी होती. दुसरा पाय मिळायला पंचेचाळीस वर्षे लागली.

शेवटची दोन अक्षरे

जेम्स प्रिन्सेप हे कंपनी सरकारच्या टांकसाळीत धातूंचा कस तपासणारे अधिकारी. १८१९ मध्ये विसाव्या वर्षी ते भारतात आले, आणि पुढे एशियाटिक सोसायटीचे चिटणीस झाले. विद्यापीठात शिकलेले भाषापंडित ते नव्हते. नाण्यांचा नाद, मोजमापाची शिस्त आणि देशभर पसरलेला पत्रव्यवहार ही त्यांची भांडवले होती. खांबांवरच्या लिपीची (आज आपण तिला ब्राह्मी म्हणतो) अक्षरे त्यांनी सुटी केली, कोणते किती वेळा येते, कोणत्या चिन्हांना स्वरांच्या मात्रा लागलेल्या दिसतात, याचे तक्ते केले. तरी लिपी बोलेना.

दरम्यान १८३६ मध्ये ख्रिश्चन लासेन या विद्वानाने अगाथोक्लिस या यवन राजाच्या नाण्याचा आधार घेतला. नाण्याच्या एका बाजूला त्याचे नाव ग्रीकमध्ये, दुसऱ्या बाजूला ब्राह्मीत होते. त्यावरून काही अक्षरे हाती आली. मग १८३७ मध्ये सांचीच्या स्तूपावरच्या लहान लहान लेखांचे ठसे कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांच्याकडून प्रिन्सेप यांच्याकडे आले. ते छापखान्यासाठी मांडून ठेवताना त्यांच्या लक्षात आले की, बहुतेक सगळे लेख त्याच दोन अक्षरांनी संपतात.

आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, फरशीवर, घंटेवर ‘अमुक यांजकडून’ असे लिहिलेले असते. ज्याने ते कधी पाहिले असेल त्याला प्रिन्सेप यांचा तर्क समजावून सांगावा लागणार नाही. इतके लहान, इतके एकसारखे आणि स्तूपाच्या कठड्यावर कोरलेले लेख देणगीचेच असणार; मग शेवटचा शब्द ‘दानं’. त्याच्या आधी वारंवार येणारे अक्षर ‘स’, म्हणजे षष्ठीचा प्रत्यय: ‘अमक्याचे दान’. द, न, अनुस्वार आणि स एवढे हाती आल्यावर बाकीची लिपी भराभर उलगडली, आणि दिल्लीचा खांब वाचता येऊ लागला. त्याच्या तोंडी सुरुवातीलाच शब्द होते: देवानंपिय पियदसी राजा असे म्हणतो.

फिरोजशहाच्या पंडितांना जे वाचता आले नव्हते ते आता वाचता येत होते. पण नवाच प्रश्न उभा राहिला. हा पियदसी कोण? ज्ञात राजांच्या एकाही यादीत त्या नावाचा कुणी नव्हता.

सिंहलद्वीपाची साक्ष

प्रिन्सेप यांचा पहिला कौल श्रीलंकेच्या राजाकडे गेला. तिथल्या इतिहासात ‘देवानंपिय तिस्स’ नावाचा बौद्ध राजा प्रसिद्ध होता. बिरुद तंतोतंत तेच. धर्माविषयीची आस्था तीच. खेळ असता तर इथेच टाळ्या पडल्या असत्या. पण श्रीलंकेच्या राजाचे खांब दिल्ली, प्रयाग आणि बिहार इथे कसे उभे राहतील?

उत्तर श्रीलंकेतूनच आले. तिथल्या मुलकी सेवेतले अधिकारी जॉर्ज टर्नर त्या वेळी पाली इतिहासग्रंथांचा अभ्यास करत होते. ‘दीपवंस’ या ग्रंथात त्यांना आढळले की, चंद्रगुप्ताचा नातू आणि बिंदुसाराचा पुत्र जो अशोक, त्यालाच तिथे ‘पियदस्सी’ असेही म्हटले आहे. त्यांनी हे तत्काळ कळवले. १८३७ सालीच पोथीतला अशोक आणि दगडातला पियदसी यांची पहिली भेट झाली. पुढे १८४० मध्ये राजस्थानातल्या बैराटजवळ बौद्ध संघाला उद्देशून लिहिलेला एक लेख मिळाला. त्यात हा राजा स्वतःला मगधाचा म्हणवतो. तिस्साचा दावा तिथे संपलाच.

पण टर्नर यांची साक्ष कितपत भक्कम होती? ‘दीपवंस’ हा अशोकानंतर सुमारे सहाशे वर्षांनी, समुद्रापलीकडे रचलेला ग्रंथ. त्याला आपल्या बेटावर धर्म आणणाऱ्या घराण्याचे गौरवगान करायचे होते. शिवाय ज्या कलिंगयुद्धाने पियदसीचे मन बदलले, ज्यात एक लाख माणसे मेली आणि दीड लाख कैद करून नेली असे तो स्वतः सांगतो, त्या युद्धाचा सिंहली ग्रंथांत उल्लेखही नाही. उलट त्या ग्रंथांत गाजणारी पाटलिपुत्राची धर्मसंगीती शिलालेखांत नाही. दोन साक्षीदार एकाच माणसाचे वर्णन करतात म्हणावे, तर त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घटनेविषयीच त्यांचे जमत नव्हते.

पाच यवन राजे

हा पेच गिरनारच्या पायथ्याशी असलेल्या शिळेने सोडवला. तिच्यावरच्या लेखाची नक्कल मुंबईचे रेव्हरंड जॉन विल्सन यांच्या प्रयत्नाने प्रिन्सेप यांच्यापर्यंत पोहोचली. हे तेच विल्सन, ज्यांचे नाव गिरगाव चौपाटीसमोरच्या महाविद्यालयाला आहे. १८३८ मध्ये ती वाचताना प्रिन्सेप यांना ‘अंतियक’ हा यवन राजा भेटला. तेराव्या लेखात आणखी नावे होती. पुढे आजच्या पाकिस्तानातल्या शाहबाजगढीचा खरोष्ठी लेखही वाचला गेला आणि यादी पुरी झाली: अंतियोक, तुरमय, अंतिकिनि, मक आणि अलिकसुदर. म्हणजे सीरियाचा अँटिओकस, इजिप्तचा टॉलेमी, मॅसिडोनियाचा अँटिगोनस, सायरीनीचा मॅगस आणि एपिरसचा किंवा कॉरिंथचा अलेक्झांडर.

एकटा अँटिओकस फारसा उपयोगाचा नव्हता. त्या नावाचे अनेक राजे होऊन गेले. टॉलेमींचीही तीच कथा. मात्र पाचही नावांचे राजे एकाच वेळी गादीवर असण्याचा काळ फार अरुंद आहे. दुसरा अँटिओकस इ.स.पू. २६१ मध्ये गादीवर आला आणि मॅगस इ.स.पू. २५० च्या सुमारापर्यंत मरण पावलेला होता. म्हणजे जास्तीत जास्त दहा-अकरा वर्षांची पट्टी.

आता आजोबांकडून हिशेब करू. सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला. त्यानंतर लवकरच, सुमारे ३२१ मध्ये, चंद्रगुप्त गादीवर आला असे धरू. पुराणांप्रमाणे त्याची २४ वर्षे, बिंदुसाराची २५ वर्षे. म्हणजे आलो २७२ वर. सिंहली ग्रंथ सांगतात की राज्य मिळाल्यावर चार वर्षांनी अशोकाचा अभिषेक झाला: २६८. शिळेवरचे हे मोठे लेख अभिषेकाच्या बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमाराचे आहेत, हे त्यांतल्याच नोंदींवरून कळते. म्हणजे २५६ किंवा २५५. पाच यवन राजांच्या त्या अरुंद पट्टीच्या बरोबर मध्ये.

या हिशेबात किती जणांचे हात लागले आहेत ते पाहा. ग्रीक इतिहासकार, पुराणकार, सिंहली भिक्षू आणि स्वतः दगडावरचा राजा. या चौघांनी एकमेकांशी कधी संगनमत केलेले नाही. बहुतेकांना एकमेकांचे अस्तित्वही ठाऊक नव्हते. पियदसी अशोक नसता, तर हा हिशेब शंभर-दोनशे वर्षांनी हुकायला काहीच हरकत नव्हती. तसेच जोन्स यांचा सँड्रोकोट्टस चंद्रगुप्त मौर्य नसता, तरीही हा हिशेब मोडला असता. सँड्रोकोट्टस म्हणजे गुप्त घराण्यातला चंद्रगुप्त, असे अधूनमधून कुणीतरी मांडत असते. त्यांनी या पाच यवन राजांना आधी उत्तर द्यायला हवे. नातू अँटिओकसाचा समकालीन आणि आजोबा सेल्युकसाचा, ही दोन्ही टोके एकमेकांना धरून आहेत. एक सोडले की दुसरे सुटते.

मधल्या पिढीची गंमत वेगळीच आहे. ग्रीक लेखक चंद्रगुप्ताच्या मुलाला ‘अमित्रोखातेस’ म्हणतात. त्यामागे ‘अमित्रघात’, म्हणजे शत्रूंचा संहारक, हे बिरुद असावे. ‘बिंदुसार’ या नावाशी त्याचे एक अक्षरही जुळत नाही. तरी तो बिंदुसारच, कारण बाप आणि मुलगा यांच्या मधली जागा एकच आहे. तिस्साचे बिरुद जुळले पण माणूस तो नव्हता. बिंदुसाराचे नाव जुळले नाही पण माणूस तोच होता.

शंकेचे मोल

एवढे झाल्यावरही शंका संपल्या नाहीत, आणि ते बरेच झाले. १८५० च्या सुमारास होरेस हेमन विल्सन या नामांकित संस्कृत पंडितांनी पियदसी म्हणजे अशोक हे मान्य करायला नकार दिला. ही ओळख मुख्यतः एका सिंहली ग्रंथावर विसंबून आहे, आणि शिळांवरचा राजा पुरता बौद्धही दिसत नाही, असा त्यांचा आक्षेप. प्रिन्सेप तोवर हयात नव्हते. अतिश्रमाने खचून १८३८ मध्ये ते मायदेशी परतले आणि १८४० मध्ये चाळिशीतच वारले.

विल्सन यांची शंका पुढे खोटी ठरली, पण ती आडमुठी नव्हती. ‘देवानंपिय’ हे एकट्या अशोकाचे बिरुद नव्हतेच; त्याचा नातू दशरथ यानेही नागार्जुनी डोंगरातल्या लेण्यांत ते लावले आहे. गिरनारच्या त्याच शिळेवर रुद्रदामन क्षत्रपाचा इ.स. १५० चा लेख आहे. त्यात सुदर्शन तलावाचा इतिहास सांगताना चंद्रगुप्त मौर्य आणि अशोक मौर्य ही दोन्ही नावे येतात. म्हणजे एकाच खडकाच्या अंगावर पियदसीही आहे आणि अशोकही. पण दोघे एकच, असे तो खडक कुठेच म्हणत नाही.

मग एकेक पुरावा येत गेला. १८९६ मध्ये लुंबिनीचा खांब मिळाला. अभिषेकाच्या विसाव्या वर्षी पियदसी राजा बुद्धाच्या जन्मस्थानी स्वतः आला होता, असे त्यावर आहे. अशोकाच्या लुंबिनीयात्रेची कथा बौद्ध ग्रंथांत होतीच. आणि १९१५ मध्ये, रायचूर जिल्ह्यातल्या मस्की इथे सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला एका खडकावर लेख दिसला. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, जसा आपला मराठवाडा होता. त्या लेखाच्या आरंभी बिरुदाला लागून नाव होते: असोक. १९५० च्या दशकात मध्य प्रदेशातल्या गुजर्रा इथला लेख उजेडात आला. त्यात ‘पियदसी’ आणि ‘असोक’ ही दोन्ही नावे एकत्र आहेत.

टर्नर यांच्या पत्रापासून मस्कीपर्यंत अठ्ठ्याहत्तर वर्षे गेली. त्या काळात अभ्यासकांनी अशोकावर पुष्कळ लिहिले, पण ‘हे नाव अजून दगडावर मिळालेले नाही’ हे वाक्यही ते लिहीत राहिले. मला या सगळ्या कथेत तेच वाक्य सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्या अंगणातले कोडे

अशीच एक ओळख आपल्या नाशिक जिल्ह्यात पटली. नाशिकच्या लेण्यांत बलश्री या राजमातेचा लेख आहे. आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याने ‘खखरात’ म्हणजे क्षहरात वंश निःशेष केला, असे ती अभिमानाने सांगते. पण हरलेल्या राजाचे नाव ती घेत नाही. त्याच डोंगरातल्या दुसऱ्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. स्वतः सातकर्णीने अठराव्या राज्यवर्षी भिक्षूंना एक शेत दिले; ते शेत पूर्वी ‘उसभदाता’कडे होते असे त्याच्या आज्ञेत नोंदले आहे. सातकर्णीने हरवला तो नहपानच असावा, असा संशय घ्यायला हे पुरेसे होते. पण बलश्रीची साक्ष आईची होती, आणि शेतजमीन हातोहात जायला युद्धच व्हावे लागते असे नाही.

१९०६ मध्ये जोगळटेंभी या गावात चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. सुमारे १३,२५० नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरच सातकर्णीचा शिक्का पुन्हा ठोकलेला आहे: एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जैनचे चिन्ह. हरलेल्याची नाणी जिंकलेल्याने आपली करून पुन्हा चालवली. ती ठोकणाऱ्या कारागिराला इतिहासासाठी पुरावा ठेवायचा नव्हता. त्याला दिवसाचे काम उरकायचे होते. म्हणून त्याची साक्ष राजमातेच्या साक्षीहून वजनदार आहे.

ओळख पटणे आणि ओळख लावणे

नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी गावोगावचे वीरगळ पाहत हिंडण्याचा छंद मला आहे. बहुतेक वीरगळांवर एक अक्षरही नसते. खाली लढाई, मध्ये स्वर्गाला जाणारा वीर, वर शिवलिंगाची पूजा, चंद्र-सूर्य. तो कुणाचा आहे हे दगड सांगत नाही. पण गावात पाऊल ठेवले की पहिला प्रश्न येतो, ‘हा कुणाचा, ते सांगा.’ त्यामागची ओढ मला कळते. नाव मिळाले की दगडाला शेंदूर लागतो, चौथरा होतो, पाटी लागते, तो गटारावरची फरशी होण्यापासून वाचतो. नाव ही त्या दगडाची सुरक्षा असते. म्हणूनच नाव देण्याचा मोह अभ्यासकालाही होतो, आणि तिथेच फिरोजशहाच्या दरबारातला पंडित त्याच्या आत जागा होतो.

प्रियदर्शीच्या कथेतून मी माझ्यापुरते काही नियम काढले आहेत. केवळ नावाच्या किंवा बिरुदाच्या साम्यावर थांबायचे नाही, तिस्स आठवायचा. साक्षीदार किती आहेत यापेक्षा ते एकमेकांना ओळखत होते का, हे आधी विचारायचे. एकाच बखरीवरून उतरवलेली दहा पुस्तके ही एकच साक्ष असते. ज्याला त्या ओळखीतून काहीच मिळवायचे नव्हते त्याच्या साक्षीला, मग ती सोडलेल्या पात्रातली नदी असो की टांकसाळीतला कारागीर, अधिक मान द्यायचा. आणि आपला तर्क कोणत्या पुराव्याने मोडेल हे आधी सांगून ठेवायचे. ज्याची ओळख कशानेच मोडू शकत नाही, त्याने ती पटवलेली नसते, लावलेली असते.

वीरगळाच्या बाबतीत यातला एकही नियम बहुधा पुरा होत नाही. तेव्हा गावकऱ्यांना मी एवढेच सांगतो की, नाव नसले तरी हा तुमच्याच शिवारात लढताना पडलेला कुणीतरी आहे, आणि पाटीवर तेवढे लिहिले तरी दगड जपण्यासारखाच आहे. काही ठिकाणी ते पटते. काही ठिकाणी पुढच्या खेपेला एखादे प्रसिद्ध नाव लागलेले असते.

१८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना नालासोपाऱ्याजवळ एका तळ्यापाशी पियदसीच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. फुटका काळा दगड, झिजलेल्या थोड्या ओळी. ‘अशोक’ हे नाव त्यावर नाही. तरी त्याला अशोकाचा शिलालेख म्हणायला आज कुणी कचरत नाही. त्या एका शब्दामागे शोणेचे सोडलेले पात्र आहे, सांचीच्या देणगीदारांची शेवटची दोन अक्षरे आहेत, पाच यवन राजे आहेत, आणि ‘अजून सिद्ध झालेले नाही’ असे म्हणत वाट पाहिलेली अठ्ठ्याहत्तर वर्षे आहेत.